म्हणीत नसलेला उंदीर

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण एस्थर लेडरबर्गच्या बाबतीत फार लवकर ओठांवर येते. विस्कॉन्सिन विद्यापीठात ई. कोलायच्या के-12 वाणात दडून बसलेला लॅम्डा विषाणू 1950 च्या सुमारास तिनं हुडकला आणि 1958 चं नोबेल मिळालं तिच्या नवऱ्याला, जोशुआला; सोबत बीडल आणि टेटम. म्हण चपखल बसली, आपण संतापायला मोकळे! पण नागोबानं स्वतः काहीच खणलेलं नसावं, ही म्हणीची अट आहे. जोशुआनं जिवाणूंमधला जनुकीय संयोग टेटमबरोबर 1946 मध्ये दाखवला, तो एस्थरशी लग्न होण्याआधी. म्हणजे खणणारे दोघेही होते, आणि माती कुणी किती उपसली याचा हिशेब म्हण देत नाही. गंमत म्हणजे ज्यानं बीळ खणलं तो उंदीर म्हणीतही नाही. तिथंही नाव नागोबाचंच.

मग 1952 चा तो मखमलीचा प्रयोग कुणाचा म्हणायचा? ठोकळ्यावर निर्जंतुक मखमल ताणायची, जिवाणूंच्या वसाहती असलेली बशी तिच्यावर हलकेच टेकवायची, आणि कापडाच्या उभ्या तंतूंना चिकटलेले जिवाणू औषध घातलेल्या नव्या बशांत उतरवायचे. प्रत्येक बशीत त्याच त्याच जागी वसाहती तगल्या, तर प्रतिकारशक्ती औषधानं निर्माण केलेली नाही, आधीपासूनच होती. शोधनिबंधावर जोशुआ आणि एस्थर अशी दोघांची नावं आहेत. मग अन्याय कुठं झाला, हा आक्षेप वाजवीच आहे. मला अन्याय नोबेलपेक्षा नेमणुकीत जास्त दिसतो. 1959 मध्ये दोघं स्टॅनफर्डला गेली. तो जनुकशास्त्र विभागाचा प्रमुख झाला, तिला मात्र कायम प्राध्यापकपद कधीच मिळालं नाही. नवराबायकोला एकत्र नेमू नये असे नियम तेव्हा अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत होते, हे खरं. पण 1974 मध्ये, दोघं विभक्त होऊन काही वर्षं उलटल्यावरही, तिच्या वाट्याला आलं ते अ‍ॅडजंक्ट प्रोफेसरपद, संशोधनाचा निधी असेल तोवरचं. इथं नागोबा कुणाला म्हणावं? नवऱ्याला म्हणवत नाही, आणि विद्यापीठाला म्हणावं तर बीळ नेमकं कुठलं, तेच सांगता येत नाही. तरीही 1976 ते 1986 ती स्टॅनफर्डचं प्लास्मिड संदर्भ केंद्र चालवत होती. जगभरच्या प्रयोगशाळांतल्या प्लास्मिडांची, म्हणजे जिवाणूंमधल्या सुट्या छोट्या डीएनए-तुकड्यांची, नावं ठरवून त्यांची नोंद ठेवणं, हे त्या केंद्राचं काम.