मागचं इंजिन

११ जानेवारी २०२५, उद्यमबाग, बेळगाव
मामांची रिक्षा निपाणीहून टेम्पोत चढवून आणली. बजाजनं मागं इंजिन असलेली रिक्षा काढली १९७७ साली. ही त्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली. टू-स्ट्रोक, १४५ सीसी, म्हणजे जुन्या चेतकचाच अवतार. फक्त किक नाही, हातानं लिव्हर ओढायची. पत्रा अजून दणकट. पिस्टनपासून क्लचपर्यंत बाकी सगळं खलास.
"फोर-स्ट्रोक घाल की. जुन्या बाजारात मिळतंय," मामा म्हणाले.
मिळतं. पण खटाटोप करायचाच तर विजेवर का नको? अट एकच घातली आहे : बॉडीला कटर लावायचा नाही. जुन्या माउंटिंगच्या भोकांतच नवं बसलं पाहिजे. गाडी कापून नवं यंत्र कोणीही बसवील; त्यात कसब नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
शेजारची फौंड्री बंद, त्यामुळं डोकं शांत. हिशेब मांडला. माणसांसह गाडी ६५० किलो, घाटाचा चढ सढळ हातानं १२ टक्के. चाकाला साधारण १८० न्यूटन-मीटर जोर हवा. चाक लहान, ४.००-८ टायरचं; १० ला १ रिडक्शन ठेवलं तर मोटरकडून २० न्यूटन-मीटर पुरतात. ताशी २० च्या वेगानं चढायला सुमारे ५ किलोवॉट, म्हणजे ५१ व्होल्टच्या बॅटरीतून १०० अँपिअर. तापणार ते इथंच. कंट्रोलर मागच्या झडपेच्या जाळीपाशी, वाऱ्यात ठेवायचा. पण पावसाळ्यात खानापूर रोडची तांबडी राड त्याच जाळीतून आत येते. त्याला बंद डबा आणि बाहेरून उष्णता सोडणाऱ्या फिन्स.

१८ जानेवारी
जुन्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल एकाच कास्टिंगमध्ये. इंजिन उतरवलं की सगळंच उतरतं. गिअर तेवढे ठेवावेत असा मोह झाला होता, डाव्या मुठीत गिअर फिरवायची मजा वेगळीच. पण मोटर शून्य फेऱ्यांपासून जोर देते. चार गिअर आणि क्लच नुसते वाहायचे कशाला? ई-रिक्षाचं डिफरन्शियलसकटचं युनिट घेतलं. त्याची स्प्लाइन आणि जुन्या शाफ्टचं टोक यांचा काही मेळ नाही.

२१ जानेवारी
जोडतुकडा ईएन-२४ मधून टर्न केला. दुसऱ्या गावात यासाठी महिनाभर पत्रव्यवहार करावा लागला असता. उद्यमबागेत हाक मारली की स्लॉटिंगवाला येतो. हायड्रॉलिकचे नाजूक भाग करणारी ही माणसं, शाफ्टची जोडणी त्यांना किरकोळ वाटते. तरी डायल लावून केंद्र तपासायला आमच्या मेस्त्रींनी अख्खी दुपार घेतली. "वाकडं फिरलं तर आवाज इंजिनात लपायचा," म्हणाले. "हितं इंजिनच न्हाई. सगळं ऐकू येणार."

२७ जानेवारी
बॅटरीची जागा. लोह-फॉस्फेटचे १६ सेल, १०० अँपिअर-तासांचे. पाच किलोवॉट-तासांहून थोडा जास्त ऐवज. मागं टाकीच्या जागी सोयीचं, पण पुढं एकच चाक. मागं वजन वाढलं की चढावर हँडल हलकं होतं, वळणावर तर गाडी उलथायलाच बसलेली. म्हणून पॅसेंजरच्या सीटखाली, शक्य तितकी खाली. नवखे लोक मोटरीवरच बोलत बसतात. तीनचाकीत निम्मं काम वजन कुठं ठेवायचं याचंच आहे.

४ फेब्रुवारी
कागद. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणं मन मानेल तसा बदल चालत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेनं तपासलेलं किट, तेही अधिकृत माणसानं बसवलेलं, मग नोंदणीत इंधन बदलून घ्यायचं. मामांनी विंटेजचं विचारलं. २०२१ चे ते नियम दुचाकी आणि चारचाकीसाठी, ५० वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या. तीन चाकांना तिथं जागाच नाही. हे मला साफ अन्यायाचं वाटतं. पण किटची सक्ती बरोबर आहे. सीटखाली बॅटरी आणि वर शाळेची पोरं, तिथं माझ्या हिशेबावर कोणी का विसंबावं? तोवर गाडी रस्त्यावर नाही.

९ फेब्रुवारी, निपाणी
वखारीच्या आवारात, तंबाखूची पोती मागं टाकून चालवली. उताराच्या फरशीवर सोडली आणि ती सावकाश घरंगळली. पूर्वी गिअरमध्ये टाकून उभी करायची सवय. आता अडवायला इंजिन नाही. मग जुन्या स्टार्टिंग लिव्हरलाच केबल बांधून मागच्या ब्रेकला दिली. ओढली की गाडी जागच्या जागी. मामा खूश : "हात तितंच जातोय की रं!"
सुटताना शाफ्टला ठोकर बसत होती. कंट्रोलरमध्ये जोर हळू चढेल असं केलं, थांबली. किटवाल्यांना माउंटिंगचं ड्रॉइंग सोमवारी पाठवायचं. त्यांचं युनिट या भोकांत बसतं का, ते कळवतील.