मागचा माणूस

"तू फॉरवर्ड न्हाईस, रहीमसाहेब."

१९९६च्या ऑगस्टमधली गोष्ट. कोल्हापुरात पाऊस आठ दिवस उघडला नव्हता. कॉलेजच्या मैदानात गोलसमोर म्हशी बसवाव्यात असा राडा झाला होता आणि त्या राड्यात मी पाऊण तास गोल मारायची खटपट करत होतो. बोलणारा दादा, शेवटच्या वर्षाचा, आमच्या संघाचा स्टॉपर. मनात आलं, हा कोण मला सांगणार? रहिमतपुरात मी फॉरवर्डच होतो.

आता, रहिमतपुरात दुसरं काही असायची सोयच नव्हती हेही खरं. गाव कुस्ती-कबड्डीचं. शाळेतल्या पीटीच्या सरांकडं एकच फुटबॉल, त्याच्यामागं सगळी पोरं पळायची आणि जो सगळ्यांच्या पुढं तो फॉरवर्ड. मी पुढं असायचो. आल्याच्या रानात पाणी पाजायला बांधाबांधानं पळून पाय तयार झाले होते, एवढाच माझा फुटबॉल. रहिमतपूर, तारगाव, मसूर, कराड अशी पॅसेंजर धरून मिरजमार्गे कोल्हापूरला उतरलो तेव्हा ट्रंकेत वडिलांनी चार किलो आलं घातलं होतं. ओळखीपाळखीला द्यायला म्हणून. ओळख कुणाचीच नव्हती.

वर्गात गावाचं नाव सांगितलं की मराठीच्या बाई म्हणायच्या, "म्हणजे वसंत कानेटकरांचं जन्मगाव." मैदानावर कानेटकर कुणाला ठाऊक नव्हते. तिथं रहिमतपूर ऐकल्या ऐकल्या दादाच्या डोक्यात आले सय्यद अब्दुल रहीम, भारताला १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीपर्यंत नेणारे हैदराबादचे प्रशिक्षक. तेव्हापासून मी रहीमसाहेब. (दादाचं खरं नाव इथं घालत नाही. घातलं तर त्याची पेठ मला शिवाजी पुलावर गाठेल.)

फॉरवर्ड नाहीस म्हटल्यावर मी तीन दिवस मैदानावर गेलो नाही. चौथ्या दिवशी तो खोलीवर आला, ट्रंकेवर बसला आणि जर्नेल सिंगची गोष्ट सांगितली. १९६२, जाकार्ता, आशियाई स्पर्धा. जर्नेल आपला स्टॉपर, भिंतीसारखा माणूस. थायलंडविरुद्ध त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. मागं उभा राहिला तर उंच आलेला प्रत्येक बॉल डोक्यानं काढावा लागणार. रहीमसाहेबांनी काय करावं? त्याला थेट पुढं घातला, सेंटर फॉरवर्ड. उपांत्य सामन्यात त्यानं गोल केला, आणि ४ सप्टेंबरला दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही. दोन-एकनं सुवर्णपदक आपलं. "मागचा माणूस पुढं जाऊन गोल मारतोय," दादा म्हणाला, "मग पुढच्यानं मागं यायला एवढं रडायचं काय हाय?"

युक्तिवादात खोट आहे हे मला तेव्हाही कळलं होतं. पण त्याच्यासारख्या माणसानं एवढ्या लांब येऊन माझ्या ट्रंकेवर बसावं, याचंच मला अप्रूप वाटलं.

मग सुरू झालं शिक्षण. पहिला धडा: पाय घालायचा नाही. नवखा बॅक समोर बॉल दिसला की झेपावतो, आणि एकदा झेपावला की तो गेला. उभं राहायचं, थोडं तिरपं, आणि समोरच्याला रेषेकडं जायची वाट द्यायची. रेषा हा आपला बारावा गडी, दादा म्हणायचा, तिला कुणी कट मारू शकत नाही. दुसरा: त्याच्या पायाकडं बघू नकोस, पाय खोटं बोलतात. कमरेकडं बघ. कंबर जिकडं वळली तिकडं माणूस जाणारच. तिसरा धडा मला सगळ्यात जड गेला. बोलायचं. स्टॉपरला सगळं मैदान समोर दिसतं, हाफला पाठीमागचं दिसत नाही, म्हणून मागच्या माणसानं नव्वद मिनिटं तोंड चालू ठेवायचं. "डावीकडं!" "सोड!" "वर चला!" हे 'वर चला' म्हणजे ऑफसाइडची गंमत. बॉल सुटायच्या क्षणाला सगळे बॅक एका वेळी दोन पावलं पुढं आले की त्यांचा फॉरवर्ड मागं उघडा पडतो आणि झेंडा वर जातो. एक जण जरी झोपला तरी तोच फॉरवर्ड एकटा गोलीसमोर. मी लाजरा. चारचौघांत मोठ्यानं हाक मारायची सवय नाही. दादानं मला रंकाळ्यावर नेऊन पाण्याकडं तोंड करून ओरडायला लावलं. फिरायला आलेली माणसं थांबून बघत होती.

पण खरी शाळा शाहू स्टेडियमवर भरली. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा आहे. लाल मातीत कुस्ती आणि बाहेर फुटबॉल असा एकाच छपराखालचा संसार. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० सालची. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं तिथं पोरांना बाराखडीच्या आधी येतात. रहिमतपूरच्या चौंडेश्वरीच्या जत्रेलाही मी एवढ्या मोठ्यानं ओरडणारी माणसं एका जागी पाहिली नव्हती. दादानं मला पायरीवर बसवलं आणि एका संघाचा स्टॉपर दाखवून अट घातली: "हाफटाइमपर्यंत फक्त ह्याच्याकडं बघायचं. बॉलकडं बघितलंस तर मिसळ तुझ्याकडनं."

असा फुटबॉल मी कधी पाहिला नव्हता. बॉल पलीकडच्या गोलसमोर असताना हा माणूस अर्ध्या रेषेजवळ उभा राहून एकेकाला हातानं जागा दाखवत होता. कुणी वाकला की त्याच्या मागची फट भरत होता. दहा-बारा मिनिटं त्याचा पाय बॉलला लागला नाही आणि तरी तो घामानं ओला. मध्येच स्टेडियम उसळलं, माझ्या शेजारचे एक आजोबा मला मिठी मारून नाचले. गोल झाला होता. कुणी मारला, कसा मारला, मला आजतागायत माहीत नाही. मिसळीचे पैसे दादानं दिले.

त्याच्या घरी काकी होत्या. रविवारी मेस बंद असे, तेव्हा भाकरी आणि खर्डा त्यांच्याकडं. पहिल्या चार किलोतलं आलं मी त्यांनाच दिलं. त्या म्हणाल्या, "एवढ्याचं काय करू, लोणच्याचं दुकान काढू व्हय?" आणि खरंच बरणीभर लोणचं घालून त्यातलं निम्मं माझ्यासोबत खोलीवर पाठवलं.

सोपं नव्हतं ते पुढं झालं. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा लागल्या. तेव्हा सोलापूर जिल्हाही शिवाजी विद्यापीठातच होता, चार जिल्ह्यांतली कॉलेजं. पहिल्या सामन्यांत मी राखीव, दादा स्टॉपर. महत्त्वाच्या सामन्याआधी सरांनी यादी वाचली आणि स्टॉपरच्या जागी माझं नाव आलं. दादाचं शेवटचं वर्ष. मला वाटलं तो हसून पाठीवर थाप मारेल. तसलं काही झालं नाही. बूट पिशवीत कोंबले, सायकल काढली आणि गेला. आठ दिवस बोलला नाही. मी घरी गेलो तर काकींनी दार उघडलं, आतून आवाज आला, "झोपलाय म्हणून सांग." त्या मला तसंच सांगून हसल्या.

त्याचा राग मला आजही रास्तच वाटतो. आपल्या हातानं आपली जागा दुसऱ्याला शिकवायची आणि वर आनंदही दाखवायचा, एवढं कुणाकडं मागू नये.

सामन्याच्या दिवशी तो टचलाइनच्या बाहेर उभा होता, राखीव खेळाडूंपासून लांब, एकटा. पहिली दहा मिनिटं गप्प. मग त्यांचा चपळ फॉरवर्ड माझ्या अंगावर आला, मी जुन्या सवयीनं पाय घालायला गेलो आणि मागून आरोळी आली, "उभा ऱ्हा!" त्यानंतर शिट्टी होईपर्यंत तो थांबला नाही. मी आत ओरडत होतो, तो बाहेर ओरडत होता. पंचांनी दोनदा त्याला तंबी दिली. सामना एक-शून्य आम्ही जिंकलो. तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "दुसऱ्या हाफात कंबर सोडून पाय बघत हुतास." एवढंच. आठ दिवसांनंतरचं पहिलं वाक्य.

पुढच्या वर्षी मी कर्णधार झालो. विद्यापीठाच्या निवड चाचणीला दोनदा गेलो, दोन्ही वेळा यादीत नव्हतो. पदवी घेऊन गावी आलो, कारण वडिलांच्यानं शेत होईना. आलं गाडीवर विकतो, म्हणजे पाचशे किलोच्या मापानं, आणि संध्याकाळी गावातल्या पंचवीस-तीस पोरापोरींना खेळवतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ला भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला तेव्हापासून त्यांतल्या प्रत्येकाला फॉरवर्डच व्हायचंय.

गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलीला म्हटलं, तू मागं खेळ. वाऱ्यासारखी पळते, पण गोलसमोर गडबडते, आणि मैदान तिला फार लवकर दिसतं. तिनं जर्सी काढून माझ्या हातात दिली आणि घरी गेली. रात्री दादाला फोन केला. त्याचे गुडघे आता गेलेत. काकी जाऊन सहा वर्षं झाली, तरी पावसाळा संपला की मी आलं पाठवतोच. सगळं सांगितलं. जर्नेल सिंगची गोष्ट तिला सांगू का, विचारलं.

"किती दिवस बघितलंस तिला?"

"दोन-तीन."

"मी तुला तीन आठवडे बघत हुतो, रहीमसाहेब. मग तोंड उघडलं. उद्या बोलाव तिला, फॉरवर्डच खेळव. आन् तू बॉलकडं बघू नकोस."

दुसऱ्या दिवशी ती आली, थोडी उशिरा, तोंड फुगवून. मी तिला पुढं उभी केली आणि चिंचेखाली बसून तिच्या कमरेकडं बघत राहिलो. मध्येच पोरं ओरडली. गोल झाला असावा.