नाव आणि गाणे

कलाप्रकाराचे नाव कलाकृतीमागून येते. पण आल्यावर तेच तिची अस्सलता ठरवू पाहते. कलकत्त्यातील आधुनिक बंगाली गीताचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९७५ च्या सुमारास गौतम चट्टोपाध्याय व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘महीनेर घोडागुलि’ हे गायनपथक उभे केले. नाव जीवनानंद दासांच्या कवितेतून घेतलेले. बाउलांची गायकी आणि पाश्चात्त्य संगीत यांच्या या मिलाफाला त्यांनी ‘बाउल जाझ’ म्हटले. पुढे १९९२ मध्ये सुमन चट्टोपाध्याय यांचा ‘तोमाके चाइ’ हा गीतसंग्रह आला आणि ‘जीवनमुखी गान’ ही संज्ञा रूढ झाली. जणू त्यापूर्वीची गाणी जीवनाला पाठमोरीच होती! अशी संज्ञा वर्णन करीत नाही, निवाडा देते. अमेरिकेत १९८० नंतर ‘इमो’ हे भावनावाचक नाव ज्यांना चिकटले, त्यांतील काहींनी ते झिडकारले, ते याचमुळे. भावना काय एकाच पंथाची मिरास आहे?

गौतमबाबूंनी मात्र वेगळी वाट काढली. १९९५ च्या ‘आबार बछर कुडि परे’ या संग्रहात त्यांनी तरुण गायकांना सामावून घेतले आणि त्यावर शब्द घातला : ‘संपादित’. साहित्यातून आलेल्या या विनम्र शब्दाने मालकीचा प्रश्नच बदलला. नाव राखण्यापेक्षा ते दुसऱ्याच्या गाण्याला आसरा म्हणून देणे, हीही अस्सलतेची एक कसोटी होय.