चार भोकांची भिंत

धाराशिवच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक, ज्यांना गावात सारे केवळ 'सर' म्हणून ओळखतात, सुट्टीत आलेल्या नातवाबरोबर व्यंगचित्रपट पाहत बसले होते. पडद्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या वेषातील चार भाऊ तुरुंगातून निसटण्याच्या खटपटीत होते. भिंतीला एक भोक पुरले असते. चौघांनी चार पाडली, ज्याच्या-त्याच्या उंचीच्या मापाची. सर मनमुराद हसले आणि हसता हसता मध्येच थांबले. नातवाला कारण कळले नाही. ते कळण्यासाठी एक जुना तास आठवावा लागतो.

हे भाऊ म्हणजे बेल्जियन चित्रकार मॉरिस याच्या 'लकी ल्यूक' या चित्रकथामालेतील डाल्टन बंधू. त्यांच्यावरील स्वतंत्र फ्रेंच मालिका २०१० पासूनची. जो, विल्यम, जॅक आणि ॲव्हरेल हे चौघे जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत्या उंचीचे. चेहरा मात्र एकच. उंची वाढत जाते तसतशी अक्कल आणि संताप दोन्ही उतरत जातात. सर्वांत बुटका जो सदैव धुमसणारा, बेत आखणारा. सर्वांत उंच ॲव्हरेल निरागस, मठ्ठ आणि कायम भुकेला. पळून जाण्याच्या ऐन क्षणी तो जेवणाची वेळ विचारतो. मधल्या दोघांना वेगळा स्वभावच नाही, आणि ही उणीव नसून रचनेची गरज आहे. दोन टोके विनोदी दिसावीत तर मधली जागा सपाट असावी लागते. बर्गसाँने १९०० मध्ये हास्याची मीमांसा करताना जिवंत माणसात शिरलेल्या यांत्रिकतेकडे बोट दाखविले होते. एकाच साच्यातून काढलेले हे चार भाऊ त्या मीमांसेचे जणू सचित्र परिशिष्ट आहेत. याच मीमांसेत हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते असेही सुचविलेले आहे. सरांची बधिरता त्या दुपारी पुरेशी टिकली नाही, इतकेच.

या कुटुंबाचा वाङ्मयीन जन्मही पाहण्याजोगा आहे. खरे डाल्टन बंधू अमेरिकेतले. ५ ऑक्टोबर १८९२ रोजी कॅन्ससमधील कॉफीव्हिल गावात एकाच वेळी दोन बँका लुटण्याचा त्यांचा बेत फसला. बॉब आणि ग्रॅट मारले गेले; एमेट जबर जखमी होऊन वाचला, तुरुंगात गेला आणि १९०७ मध्ये माफी मिळून सुटला. याच घरातला थोरला फ्रँक मात्र कायद्याचा अंमलदार होता आणि १८८७ मध्ये कर्तव्य बजावताना मारला गेला होता. म्हणजे वास्तवात या घराला गुन्ह्याची वंशपरंपरा नव्हती. मॉरिसने आपल्या एका आरंभीच्या कथेत या खऱ्या भावांना आणले आणि शेवटी मारूनही टाकले. पण विनोदाला ते हवे होते. तेव्हा गोसिनी या लेखकाने त्यांचे चुलत भाऊ निर्माण केले, आणि तेच पुढे अजरामर झाले. पुढे त्यांना तशीच दरोडेखोर आईही मिळाली. गुन्हेगारी रक्तातच असते, एक मेला तर दुसरा तसाच निपजतो, ही कल्पना येथे विनोदाची केवळ सोय म्हणून अवतरते. कॉफीव्हिलपासून दूर बसलेल्या वाचकाला ती निरुपद्रवी वाटावी, हे स्वाभाविक आहे. धाराशिवात बसलेल्याला ती तशी वाटावी का, हा खरा प्रश्न आहे.

आता तो तास. सर पदव्युत्तर वर्गाला हास्यरस शिकवीत होते आणि उदाहरणासाठी त्यांनी 'मृच्छकटिक'चा तिसरा अंक घेतला होता. शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोक पाडायला येतो. भोक कमळाच्या आकाराचे असावे की चंद्रकोरीच्या, याचा शास्त्रार्थ करतो. मापाची दोरी विसरलेली असल्याने गळ्यातले जानवे काढून त्यानेच मोजमाप घेतो. वर्ग खळाळून हसला. मागच्या बाकावर एक विद्यार्थी बसत असे. तो पारध्यांच्या बेड्यावरून आलेला आहे, हे सरांना ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि ध्यानात असणे यांत अंतर असते. तास संपल्यावर तो टेबलापाशी आला आणि म्हणाला, "सर, शर्विलक सापडला असता, तर त्याच्या भावालाबी उचललं असतं का?"

सरांनी तेव्हा दिलेले उत्तर शास्त्रशुद्ध होते : संहितेत शर्विलकाचा भाऊ नाही. विद्यार्थी "बरं सर" म्हणून निघून गेला.

उत्तर चुकीचे नव्हते. ते अपुरे होते, आणि त्या संहितेच्याच संदर्भात अपुरे होते. शर्विलक ब्राह्मण आहे. त्याची चोरी ही प्रेयसीला दास्यातून सोडविण्यासाठी केलेली, एका रात्रीपुरती. तिच्यावरून त्याच्या जातीची व्याख्या होत नाही. उलट, याच नाटकात तो बंदिवान आर्यकाला सोडवितो आणि शेवटी नव्या राजाच्या बाजूने उभा राहतो. पुढे तर त्याहून बोलका प्रसंग आहे. पायात बेडी घेऊन पळालेला आर्यक चारुदत्ताच्या गाडीत लपलेला असताना वीरक आणि चंदनक हे दोन रखवालदार एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण पोहोचते कुठे, तर एकमेकांच्या जातीच्या उघड्या-झाकल्या खुणांपाशी. एक न्हावी, दुसरा चांभार. पळणाऱ्याचे कूळ झाकलेले राहते. प्रेक्षक हसतो तो पहाऱ्यावरच्यांच्या कुळाला. आपल्या अभ्यासकांनी शर्विलकाच्या कलासक्तीवर पुष्कळ लिहिले, त्या मानाने या भांडणावर फारसे नाही.

धाराशिव जिल्ह्याला या विषयात एक वेगळाच, काहीसा अनपेक्षित धागा आहे. ठगाच्या तोंडून त्याचा कबुलीजबाब सांगणारी गाजलेली इंग्रजी कादंबरी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा लेखक फिलिप मेडोज टेलर. १८५३ च्या तहाने नळदुर्गाचा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे आला तेव्हा त्याचा कारभार याच टेलरकडे सोपविण्यात आला. तुळजापूरच्या परिसरावर त्याने पुढे 'तारा' ही कादंबरीही लिहिली. १८६० मध्ये हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. टेलरचा नायक अमीर अली जन्माने ठग नाही. ज्यांनी त्याच्या आईबापांना मारले, त्यांनीच त्याला वाढविलेले आहे. कादंबरी अशी वंशसिद्धांताच्या विरुद्ध साक्ष देते. पण त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या मनात ठगीच्या साऱ्या साहित्यातून उरले ते नेमके उलटे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच पुरावा मानला : नोंदणी, हजेरी, गाव सोडण्यासाठी पास. शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची 'सेटलमेंट' उभी राहिली. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. 'सेटलमेंट' हा शब्द सोलापूरच्या बोलण्यात राहिला.

लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचे धनेगाव आज लातूर जिल्ह्यात आहे, पण १९८२ पर्यंत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. या आत्मकथनातही चोरी करणारे भाऊ आहेत, त्यांचे बेत आहेत, फसगती आहेत. घटनांची नुसती यादी केली तर ती डाल्टनांच्या यादीशी चमत्कारिकरीत्या जुळेल. फरक परिणामात आहे. पोलीस येतात ते एका चोरासाठी नव्हे, घरासाठी. मार म्हाताऱ्यालाही बसतो आणि बायकांनाही. मुलांनी कोठडीत तोंड उघडू नये म्हणून त्यांना घरातच मार सोसायला शिकविले जाते. आणि भूक? ॲव्हरेलची भूक ही त्याची लकब आहे, कारण तुरुंगात त्याला वेळेवर जेवण मिळते. 'उचल्या'तली भूक कोणाची लकब होऊ शकत नाही. ती घरातल्या सर्वांचीच आहे.

त्याच १९८७ साली 'गंमत जंमत' हा मराठी चित्रपट आला. दोन मित्र पैशासाठी एका श्रीमंत मुलीला पळवून आणतात आणि आपल्याच बेतात गुरफटतात. अशोक सराफ आणि सचिन यांनी रंगविलेले हे बावळट अपहरणकर्ते आजही हसवतात, आणि हसवावेत. पण त्यांच्या बावळटपणाची अट कोणती आहे? ते मुळात सज्जन आहेत, हे प्रेक्षकाने तिकीट काढतानाच गृहीत धरलेले असते. गुन्हा त्यांच्याकडून 'घडतो'. ज्याच्या निरपराधीपणाबद्दल समाजाला शंका नाही, त्यालाच गुन्ह्यात धांदरट होण्याची मुभा मिळते. फासेपारध्याने असाच बेत असाच फसवला, तर ती गंमत ठरत नाही. ती पंचनाम्यात जाते. आपल्या तमाशाला हे बहुधा उपजतच उमगले असावे. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये हसे होते ते कोतवाल आणि हवालदार यांचे. डाल्टनांच्या तुरुंगातही रखवालदार मूर्ख आहेत आणि चित्रकथेतला रान्तान्प्लान हा पहाऱ्याचा कुत्रा तर मूर्खपणाचा कळसच आहे. तेवढ्यापुरती ती मालिका तमाशाच्या जवळ येते.

म्हणून डाल्टन बंधूंवर हसू नये असा निष्कर्ष सरांनी काढला नाही. तसा काढणे हा समीक्षेचा आळस झाला असता. चारही भोके त्यांना नंतरही विनोदीच वाटली. बदलले ते एवढेच, की त्या भिंतीकडे पाहताना त्यांना दुसरे एक कुंपण दिसू लागले, ज्याच्या आत माणसे जन्मानेच आलेली असत.

संध्याकाळी त्यांनी कपाटातून हास्यरसाच्या टिपणांची जुनी वही काढली. तिसऱ्या अंकापुढे समासात 'उत्तम उदाहरण' असे शाईने लिहिलेले होते आणि त्याखाली पेन्सिलीने, तारीख न घालता, त्या मुलाचा प्रश्न. तो आपण कधी टिपून ठेवला, हे त्यांना आठवेना. त्यांनी पेन्सिलीवरून पेन फिरवून तो ठळक केला. उत्तरासाठी खाली चार ओळी सोडल्या. शेजारच्या खोलीत नातवाने पुढचा भाग लावला होता. ॲव्हरेल पुन्हा जेवणाचे विचारीत होता.