खय मेल्लंस रे?

आमच्या गावच्या कट्ट्याचा एक अलिखित नियम आहे. सकाळी सातला जो हजर नसतो, त्याचाच विषय निघतो. त्याच्या तरुणपणीच्या भानगडी, त्याच्या कलमांना न आलेला मोहर, त्याचं घोरणं, काहीही. त्यामुळे सगळे पावणेसातलाच येऊन बसलेले असतात.

गाव वेंगुर्ले तालुक्यातलं, किनाऱ्याला लागून. कट्टा म्हणजे सुरूच्या झाडांखालचा जांभ्या दगडाचा जुना बांध. समोर वाळू, पुढे समुद्र. बसणारे सहा जण, सगळे रिटायर. मी पुण्यातल्या कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम करतो. गेल्या हिवाळ्यात चार महिने घरून काम करायची परवानगी मिळाली होती. पहिली मीटिंग दहाला असायची, म्हणून सकाळी मी बाबांबरोबर कट्ट्यावर जायचो. मला बोलायची मुभा नव्हती. 'झिलान फक्त आयकूचा,' असं ठरलं होतं.

नावाने कोणी कोणाला हाक मारत नाही. गुरुजी सगळ्यांत मोठे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. त्यांनी माझ्या बाबांनाही चौथीत शिकवलंय. बाबा काही बोलले की म्हणतात, 'पन्नास वर्षां झाली, अजून हेचा उत्तर चुकता.' पोस्टमास्तरकाकांना सगळे 'तार' म्हणतात. कोकण मुंबईच्या मनीऑर्डरवर जगायचं, त्या काळात कोणाच्या घरी किती पैसे येतात हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते कधीच कोणाला सांगितलं नाही. तारसेवा 2013 च्या जुलैमध्ये बंद झाली. तरी ते उशिरा एखादी बातमी घेऊन आले की सगळे एका सुरात 'तार इली!' म्हणून ओरडतात. कंडक्टरकाकांनी मुंबईच्या रातराणीवर वर्षं काढली. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू झाली, त्याआधी अर्धा तालुका त्यांच्या गाडीने चाकरीला गेला. आजही कट्ट्यावर कोणी आलं की त्यांचं ठरलेलं वाक्य, 'वायच फुडे सरका, मागे जागा आसा.'

आबा गिरणीतले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा ते लालबागला राहत होते. दोन महिन्यांत मिटेल म्हणून गावी आले ते कायमचे. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. म्हणून कट्ट्याचं म्हणणं असं, की आबा रिटायर नाहीत, संपावर आहेत. 'आबा, संप मिटलो काय?' हे कोणी ना कोणी रोज विचारतं. आबा रोज म्हणतात, 'बोलणी चालू आसत.' मी हा विनोद चार महिन्यांत शंभरेक वेळा ऐकला असेन. दर वेळी सगळे पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसतात.

पाचवे तांडेलकाका. जन्म होडीत गेला. बायको वारली, मुलगा नालासोपाऱ्याला, घरात एकटे.

आणि सहावे माझे बाबा, कट्ट्यावरची नवी भरती. वयाच्या 58 व्या वर्षी तलाठी म्हणून निवृत्त झाले. आई सांगते, पहिले पंधरा दिवस ते रोज साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून पडवीत बसायचे. आयुष्यभर लोक सातबारा हातात घेऊन, आवाज खाली करून त्यांच्यासमोर उभे राहिले. आता पडवीत कोणी येत नव्हतं. सोळाव्या दिवशी आबांनी त्यांना ओढून कट्ट्यावर नेलं. तिथे गुरुजींनी उभं राहून गाऱ्हाणं घातलं, 'बा देवा म्हाराजा! ह्यो तलाठी आज रिकामो झालो. हेचा टेबल गेला, खुर्ची गेली, शिक्को गेलो. आता हेका कट्ट्यार वायच जागा दी रे म्हाराजा!' बाकीचे ओरडले, 'व्हय म्हाराजा!'

पण जागा लगेच मिळाली नाही. जमिनीचा फेरफार नोंदवला की हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, हे बाबांनीच आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं. कट्ट्याने तोच कायदा त्यांना लावला. पंधरा दिवस बाबांनी बांधाच्या टोकाला, उन्हात बसायचं. मुदत संपली त्या दिवशी पोस्टमास्तरकाकांनी जाहीर केलं, 'हरकत नाय. नोंद मंजूर.' बाबा घरी येऊन आईला हे सांगताना इतके हसत होते, की आईला वाटलं बढती मिळाली. त्यांना इतकी वर्षं सगळं गाव 'भाऊसाहेब' म्हणायचं. कट्ट्याने 'काय रे तलाठ्या' म्हणून साहेब काढून घेतला आणि माणूस ठेवला.

समोर रापण ओढत असतील तर हे सहाही उठून जातात. होडी जाळं अर्धगोलात टाकून येते आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून माणसं ओढतात. जो दोराला हात लावतो त्याला थोडे मासे मिळतात. बांगडे, तारल्या, जे लागेल ते. रापणीत पूर्वीसारखा मासा लागत नाही. पर्ससीनवाल्यांना आणि एलईडीवाल्यांना शिव्या घालणं हा कट्ट्याचा एकमेव गंभीर विषय आहे. तरी चार तारल्या पिशवीत घालून घरी येताना बाबांच्या चालण्यात जो रुबाब असतो, तो पगाराच्या दिवशीही मी पाहिला नव्हता.

जानेवारीत एका सकाळी तांडेलकाका सातला आले नाहीत. नियमाप्रमाणे त्यांचा विषय निघाला. 'आज खय मेलो हो?' दहा मिनिटं थट्टा चालली. मग हळूहळू बोलणं थांबलं. आबा उठले आणि म्हणाले, 'माका वायच कोयतो व्हयो. तांडेलाकडसून घेवन येतंय.' कंडक्टरकाका म्हणाले, 'माका पण.' एका कोयत्यासाठी दोन माणसं निघाली.

नंतर मला कळलं की हीसुद्धा कट्ट्याची पद्धत आहे. कोणी आला नाही की त्याच्या दारात जाऊन 'बरो आसस मां?' असं विचारायचं नाही. ते अपशकुनी वाटतं आणि समोरच्याला म्हातारं केल्यासारखं होतं. काहीतरी मागायला जायचं. कोयता, नारळ, कालचा पेपर. गुरुजींच्या घरी असे तीन कोयते आहेत, त्यांतला एकही त्यांचा नाही.

तांडेलकाका विहिरीजवळच्या दगडावर बसले होते. उजवा हात लोंबत होता, बोलणं अडखळत होतं. आमच्या जिल्ह्यात असं काही झालं की रस्ता बांबोळीला जातो, गोव्यातल्या मेडिकल कॉलेजकडे. शेजारच्याची गाडी काढली. बाबांनी वाटेतूनच ओळखीपाळखीला फोन लावले. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पेस्ट ब्रशवर घेताना हात लुळा पडला, हे काकांना आठवत होतं. साडेसहाची गोष्ट. म्हणजे वेळ मोजता आली आणि ती पुरली.

तीन आठवड्यांनी ते काठी टेकत कट्ट्यावर आले. मी त्या दिवशी तिथे होतो. सगळे एकदम उठून उभे राहिले. गुरुजी म्हणाले, 'बसा, बसा.' पोस्टमास्तरकाकांनी पंचाने जागा पुसली. आबांनी 'औषधं वेळेवर घेतास मां?' असं विचारलं. कोणी चिडवेना. तांडेलकाकांचा चेहरा उतरत गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणी 'बसा' म्हणालं होतं.

मालवणीत 'मेल्या' ही सगळ्यांत जवळची हाक आहे. मित्राला दुसरं काही म्हणतच नाहीत. त्या दिवशी तोच शब्द सगळ्यांच्या तोंडात अडकला होता. शेवटी कंडक्टरकाका म्हणाले, 'खय मेल्लंस रे इतके दिवस?'

क्षणभर कोणी हललं नाही. तांडेलकाकांनी एकेक शब्द जुळवत उत्तर दिलं, 'गोयांत. जागा... नाय गावली.'

त्यानंतर जे हसणं झालं त्याने समोरच्या रापणीतली माणसं वळून बघायला लागली. मग काका डाव्या हाताने दोराला लागले. कट्ट्याने लगेच हरकत घेतली, 'हात एक, वाटो अर्धो!' रापणकराने पूर्ण वाटा दिला.

माझं काम थोडक्यात सांगायचं तर असं. शेकडो मशिन एकत्र चालू असतात. त्यातलं कुठलं बंद पडलंय हे कळावं म्हणून प्रत्येक मशिन दर काही सेकंदांनी एक छोटा निरोप पाठवतं. त्याला हार्टबीट म्हणतात. त्या निरोपात सांगण्यासारखं काहीच नसतं. 'मी आहे', एवढंच. तो लागोपाठ काही वेळा आला नाही, की रात्री तीनला माझा फोन वाजतो. 'आबा, संप मिटलो काय?' आणि 'बोलणी चालू आसत' यातही नवी माहिती कुठे असते? म्हणूनच ते रोज म्हणता येतं. बातमी लागली असती तर कट्टा आठवड्यात बंद पडला असता.

तांडेलकाकांच्या मुलाने नालासोपाऱ्याहून मला फोन करून, पडल्यावर आपोआप कळवणारं घड्याळ सुचवायला सांगितलं. मी ते मागवून, जोडून दिलं. चौथ्या दिवशी काकांनी हसता हसता आबांच्या पाठीत जोरात थाप मारली. घड्याळाला वाटलं ते पडले. मुलाचा घाबरून फोन आला. कंडक्टरकाकांनी तो उचलून सांगितलं, 'पडूक नाय, पाडतासा.' घड्याळ अजून त्यांच्या हातात आहे आणि ते असायलाच हवं, कारण रात्री कट्टा नसतो. पण घड्याळ पाचशे किलोमीटरवरच्या मुलाला उठवतं. कोयता मागायला येणारा पन्नास पावलांवर राहतो.

कट्ट्यावर बाई नाही. मी आईला एकदा विचारलं तर म्हणाली, 'बाबा रिटायर झाले म्हणान माका दोन वेळचो चाय वाढलो. माका कोण रिटायर करतलो?' तिचा कट्टा उभ्याउभ्याच चालतो, मासेवालीची टोपली दारात उतरते तेव्हा. तांडेलकाकांनी आदल्या संध्याकाळी मासे घेतले नव्हते, हे त्या टोपलीभोवतीच्या बायकांना माहीत होतं. बांधावरच्या पुरुषांना नव्हतं. आता आई संध्याकाळी बाबांना विचारते, 'तांडेलान आज काय घेतल्यान?' बाबा उत्तर शोधायला बाहेर पडतात.

मार्चपासून मी परत पुण्यात आहे. अकराव्या मजल्यावर राहतो. शेजाऱ्याचं नाव मला पार्सलवर वाचून माहीत आहे. कॉलेजच्या मित्रांचा ग्रुप आहे, त्यात एखादा महिनाभर बोलला नाही तर आम्ही समजतो की तो बिझी असेल. आमच्यातल्या एकाची नोकरी गेली होती, ते आम्हाला तीन महिन्यांनी कळलं. हल्ली मी त्यांतल्या तिघांना रोज सकाळी काहीतरी निरर्थक पाठवतो. दोघं उलट शिवी देतात. तिसरा सुरुवातीला 'काय काम आहे?' विचारायचा. आता तोही शिवी देतो.

परवा बाबांचा फोन आला. त्यांच्या वर्गातले एक जण बँकेतून जूनमध्ये निवृत्त होऊन गावी येणार आहेत. मॅनेजर होते, कडक म्हणून प्रसिद्ध. बाबा भलतेच खुशीत होते. कट्ट्याची बैठक झाली आहे. दोन जामीनदार आणल्याशिवाय त्यांना सावलीत बसू द्यायचं नाही, असं ठरलंय.