लकडगंजातील ज्वारीचे दळण

लकडगंजातील आरागिरण्यांपाशी सागवानाचा गंध दरवळतो. लाकडाचा भुसा पायऱ्यांवर पसरलेला असतो. पिठाच्या चक्कीतही तसेच, तेथील धूळ तेवढी गव्हाची. सीलिअॅक आजार जडलेल्या माझ्या एका वृद्ध रुग्णासाठी सून इतवारीतून ज्वारी निवडून आणते. पण ती गव्हामागून दळली, तर भाकरीत ग्लुटेन उतरतेच. अशा घरी स्वतंत्र घरघंटी असावी. बांधणी हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. झुणका, पातोडी, गोळाभात आहेतच. रोडगे मात्र सुटतात, आणि पंगतीत आजोबांना तेच बोचते. उतारवयात रक्तक्षय हटत नसल्यास डॉक्टरांना टीटीजी तपासणीविषयी विचारावे, तेही गहू बंद करण्यापूर्वी; नंतर ती निर्दोष येऊन फसवू शकते.