हॉर्निमन सर्कल आणि एक पाटी

नववीच्या मुलांना मुंबई दाखवायची म्हटलं की गेटवे आणि राणीची बाग ठरलेलीच. यंदा मी त्यांना फोर्टात हॉर्निमन सर्कलला नेलं. टाऊन हॉलच्या तीस पायऱ्यांवर मुलं बसली. समोर लोखंडी कुंपणातली गोल बाग, तिच्याभोवती कमानदार दगडी इमारती. पूर्वी इथे उघडं मैदान होतं, कापसाच्या गासड्या पडत. १८७२ मध्ये बाग तयार झाली आणि गव्हर्नरच्या नावाने एल्फिन्स्टन सर्कल म्हणवली.

"टीचर, हे सगळं इंग्रजांचं. आपलं काय यात?" एका मुलीने विचारलं. उर्दू शाळेतल्या मुलीच्या तोंडी हे 'आपलं' नुसतं भारतीयांपुरतं नसतं, हे मला कळतं.

मी नावापासून सुरुवात केली. बेंजामिन हॉर्निमन इंग्रजच, 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक. रौलट कायदा आणि पंजाबातला जुलूम यांविरुद्ध लिहिलं म्हणून सरकारने एप्रिल १९१९ मध्ये त्यांना हद्दपार केलं. स्वातंत्र्यानंतर गव्हर्नरचं नाव जाऊन या चौकाला त्यांचं नाव मिळालं. पुढे १९२० ते १९२४ त्याच खुर्चीवर मार्माड्यूक पिकथॉल होते.

"पिकथॉल? अब्बांच्या इंग्रजी कुरआनावर हेच नाव आहे!" तीच मुलगी म्हणाली.

तेच ते. इस्लाम कबूल केलेला हा इंग्रज मुंबईत गांधीजींच्या असहकाराच्या बाजूने अग्रलेख लिहीत होता. तर्जुमा नंतरचा, १९३० चा. आपण तर्जुमा जपून ठेवतो आणि माणसाची मुंबई विसरतो, याचं मला नवल वाटतं.

त्यांच्यानंतर सय्यद अब्दुल्ला बरेलवी. १९४९ मध्ये इंतकाल होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं, ते संपादक होते. गांधीजींच्या चळवळीतले, पक्के राष्ट्रवादी. आमच्या मोहल्ल्यात मात्र हे नाव कुणाच्या तोंडी नाही.

सर्कलच्या बाजूच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. 'मुंबई समाचार'ची लाल इमारत याच रस्त्यावर. मुलांना पाटीखाली उभं केलं. "टीचर, बरेलवी म्हणजे मसलकवाले?" एकाने हळूच विचारलं. नाही रे, हे त्यांचं आडनाव!

त्या मुलीने वही काढली. पाटीवरचं नाव आधी मराठीत उतरवलं, मग उर्दूत. जेवायची वेळ टळून गेली होती, पण मी तिला घाई केली नाही.